झिजत्या क्लचचं रसग्रहण

खंबाटकीच्या जुन्या घाटरस्त्यावर सात-आठ वर्षांची एखादी हॅचबॅक चौथ्या गिअरमध्ये चढाला लागते. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा दोन हजारांवरून अडीच हजारांकडे सरकतो, पण वेगाचा काटा पन्नासावर होता तो पन्नासावरच राहतो. चालक शेजारच्याला सांगतो, "पिकअप गेलाय हिचा." हा इंजिनावर घेतलेला नाहक आळ आहे. इंजिन नेहमीइतकंच राबतंय. त्याची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही, कारण वाटेत क्लचप्लेट घसरते आहे.

मॅन्युअल गाडीच्या सगळ्या दुखण्यांत मला हा क्षण सर्वांत आवडतो. (ज्याची गाडी असते त्याला तो आवडत नाही, हे मान्य.) यंत्रांच्या दुनियेत इतका निर्विवाद पुरावा क्वचितच हाती लागतो. इंजिनापासून चाकापर्यंतची साखळी डोळ्यांसमोर आणा. गिअरबॉक्समध्ये दात दातांत अडकलेले असतात, पुढचे शाफ्टही खाचांमध्ये पक्के बसवलेले असतात. तिथे कुणालाच घसरायची मुभा नाही. ठरावीक गिअरमध्ये ठरावीक आरपीएमला गाडीचा वेग ठरलेलाच असतो, त्यात अर्ध्या किलोमीटरचाही हिशेब चुकत नाही. या अख्ख्या वाटेवर एकच जागा अशी आहे, जिथे दोन पृष्ठभाग केवळ दाबाच्या जोरावर एकमेकांना धरून असतात. एकीकडे फ्लायव्हील, दुसरीकडे प्रेशर प्लेट, त्यांच्यामध्ये चिमटलेली क्लचप्लेट. त्यामुळे चाकं रस्त्यावर फिरकी घेत नसताना दोन काट्यांची फारकत झाली, तर दुसरा संशयित उरतच नाही.

आता हे घडतं ते नेमकं चौथ्या गिअरमध्ये आणि चढावरच का? पहिल्या गिअरमध्ये तर गाडी हलवायची म्हणजे जास्त कष्ट, मग क्लच तिथे आधी हार का मानत नाही? पहिल्या गिअरमध्ये इंजिन झपाट्याने वर चढतं. त्याच्या ताकदीचा बराच वाटा स्वतःचंच फ्लायव्हील फिरवण्यात खर्च होतो आणि दोन-तीन सेकंदांत चालक गिअर बदलूनही टाकतो. वरच्या गिअरमध्ये चढावर इंजिनाची गती हळूहळू वाढते, म्हणून जवळजवळ सगळा टॉर्क प्लेटवर येतो आणि मिनिटभर तिथेच मुक्काम करतो. त्यातही जिथे इंजिनाचा टॉर्क सर्वाधिक असतो, तिथेच प्लेट पहिल्यांदा निसटते. जुन्या डिझेल स्विफ्टला 190 न्यूटन-मीटर टॉर्क 2000 आरपीएमला मिळायचा, म्हणून तिचा क्लच दोन हजारांच्या आसपास कबुली द्यायचा. अल्टो 800 चा टॉर्क 69 न्यूटन-मीटर, तोही 3500 आरपीएमला. तिला दोन हजारांवर कितीही खोदून विचारलं तरी ती काही सांगणार नाही. तिला तिसऱ्या गिअरमध्ये साडेतीन हजारांपर्यंत नेऊनच विचारावं लागतं. कोणत्या गाडीला कोणत्या आरपीएमवर प्रश्न विचारायचा, हे ज्याला कळतं तो जाणकार.

घसरणं ही मात्र कथेची अखेर आहे, सुरुवात फार आधी होते. क्लच घडवणारे इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या साधारण सव्वा ते दीडपट पकड हाताशी ठेवूनच तो बनवतात. ही शिल्लक संपेपर्यंत काटे एकमेकांची साथ सोडत नाहीत. तोवर क्लच जे काही सांगतो ते पायाला सांगतो.

यासाठी प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग समजून घ्यायला हवी. पोलादाची, उथळ ताटलीसारखी, आणि मध्यभागाकडे येणाऱ्या चिरांमुळे तिला बोटं फुटलेली. गॅरेजमध्येही त्यांना फिंगरच म्हणतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग या बोटांवर येतं, ताटलीचा बाहेरचा काठ उचलला जातो आणि प्लेट मोकळी होते. या स्प्रिंगचा स्वभाव नेहमीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगसारखा सरळ नाही. जितकी दाबाल तितका जोर वाढेल, असं तिच्यात होत नाही. जोर आधी वाढतो, एका टेकाडावर पोचतो आणि आणखी दाबलं की उतरतो. नवा क्लच या टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर बसवलेला असतो. प्लेटचं अस्तर झिजतं तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंग किंचित मोकळी होते आणि तिची जागा पुन्हा टेकाडाच्या माथ्याकडे येते. म्हणजे निम्मा झिजलेला क्लच नव्यापेक्षाही घट्ट धरतो! पूर्ण झिजेपर्यंत पकड साधारण मूळ पातळीवर परत यावी, अशीच ती वक्ररेषा आखलेली असते. जुन्या, गुंडाळीच्या स्प्रिंगांच्या क्लचमध्ये प्रत्येक झिजेबरोबर पकड थोडी थोडी कमी व्हायची, म्हणून तो तक्रार लवकर करायचा. डायफ्रॅमवाला आयुष्यभर कुरकुर करत नाही. मला ही रचना यंत्रशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते, आणि तिची एक खोडही आहे: पकड राखता राखता ती झीजही झाकते.

पूर्ण मात्र झाकू शकत नाही. स्प्रिंग टेकाडाकडे सरकली की पाय दाबताना ते टेकाड ओलांडावं लागतं, आणि पेडल जड होतं. हे महिन्या-महिन्याने इतकं हळू होतं की रोज गाडी चालवणाऱ्याला कळतच नाही. ते कळतं भावाला, मेव्हण्याला, वर्षातून एकदा गाडी मागून नेणाऱ्याला. "केवढा कडक आहे रे क्लच तुझा," असं पाहुण्याने म्हटलं, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. तुमच्या पायाला जे सांगता आलं नाही ते त्याच्या पायाने सांगितलेलं असतं.

अर्थात जड पेडल म्हणजे झीजच, असंही नाही. कोकणात किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीची क्लच वायर गंजून आतल्या आत घासते, रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा बुश कोरडा पडतो, तरीही पेडल जडच लागतं. फरक पायालाच कळतो. वायर कोरडी असेल तर पेडल जाताना जड आणि येताना सुस्त असतं. पाय उचलला तरी ते रेंगाळत वर येतं. प्लेट झिजलेली असेल तर पेडल मधल्या टप्प्यावर सर्वांत जड लागतं, त्यापुढे जरा मऊ पडतं, आणि सोडताना पायाला जोरात वर ढकलतं. पहिल्या दुखण्यात घर्षण आहे, दुसऱ्यात स्प्रिंगची ताकद. गॅरेजमध्ये दोघांची तक्रार एकाच वाक्यात सांगितली जाते आणि पुष्कळदा दोघांनाही एकच उत्तर मिळतं: "सेट बदलावा लागेल." सेट म्हणजे क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा, मजुरी वेगळी. वायर बदलायला तासाभराचं काम, आणि गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. निदानातला हा फरक खिशाला चांगलाच जाणवतो.

पेडल कुठे धरतं, यावर लोकांचा फार विश्वास असतो. "आता वरच धरतो, म्हणजे प्लेट संपली." वायरवाल्या गाडीत हे निम्मं खरं आहे. अस्तर झिजलं की स्प्रिंगची बोटं बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीचा मोकळा सैलपणा, कमी होत जातो आणि गाडी पेडल वर येताना अधिकाधिक उशिरा धरते. पण हा सैलपणा पूर्ण संपला की एक नाट्य घडतं. पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटांवर टेकलेलं राहतं, क्लच सतत किंचित दाबलेला असतो आणि अस्तर शिल्लक असूनही प्लेट घसरायला लागते. यावर उपाय वायरच्या टोकाच्या नटाला दोन-चार आटे फिरवणं एवढाच असतो. म्हणून वायरवाल्या गाडीत क्लच घसरला की पहिल्यांदा पेडलचा मोकळेपणा बोटाने दाबून पाहावा. बऱ्याच गाड्यांत तो दीड-दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हे न पाहता गिअरबॉक्स उतरवणाऱ्या मिस्त्रीबद्दल माझं मत फारसं चांगलं होत नाही.

हायड्रॉलिक क्लचने या लक्षणाची धार बोथट केली. तिथे बेअरिंग ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन आपोआप मागे सरकून झीज भरून काढतो आणि पेडल नवं असताना जिथे धरायचं तिथेच धरतं. पण तिथेही एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. ब्रेक पॅड झिजले की टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी उतरते, हे सगळे जाणतात. क्लचमध्ये उलटं होतं. प्लेट झिजली की पिस्टन मागे ढकलला जातो आणि तेवढं तेल टाकीत परततं, म्हणजे पातळी चढते, अगदी थोडी का होईना. म्हणून क्लचची वेगळी टाकी असलेल्या गाडीत पातळी खाली जात असेल, तर प्लेटवर संशय घेऊ नका. कुठेतरी गळती आहे.

गॅरेजमधली माणसं क्लचच्या सगळ्या तक्रारींची दोन घराण्यांत विभागणी करतात: "धरत नाही" आणि "सोडत नाही". ही विभागणी मला कुठल्याही तांत्रिक पुस्तकापेक्षा नेमकी वाटते. झीज पहिल्या घराण्यातली. रिव्हर्स टाकताना करकर वाजणं, सिग्नलला पहिला गिअर न पडणं, पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकणं, ही सगळी दुसऱ्या घराण्यातली दुखणी. त्यांची मुळं गळक्या सिलिंडरमध्ये, ताणलेल्या वायरीत, नळीत शिरलेल्या हवेत किंवा वाकड्या झालेल्या प्लेटमध्ये असतात. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रोमेश (गिअर पडताना दातांची गती जुळवून देणारी यंत्रणा) नसतो, म्हणून तो खरं बोलतो. इंजिन चालू, पेडल तळाला, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही वाजला तर क्लच सोडत नाही. अस्तर पातळ झाल्यामुळे असं होत नाही, तरी अशा तक्रारीवर निव्वळ प्लेट बदलून पाठवलेल्या गाड्या महिन्याभरात त्याच दारात परत येताना दिसतात.

वासाकडे वळतो. क्लचच्या अस्तरात तंतू आणि भराव बांधून ठेवणारी फेनॉलिक राळ असते. घासून तापली की ती जळते आणि तो उग्र, घशात उतरणारा वास येतो. ब्रेक पॅडमध्येही अशीच राळ असते, म्हणून दोन्ही वास जवळचे नातेवाईक. त्यांच्यातला फरक नाकापेक्षा रस्ता चांगला सांगतो. बोरघाटात पुण्याकडे चढणाऱ्या मार्गिकेवर शनिवारी सकाळी जो वास भरून राहतो तो क्लचचा. मुंबईकडे उतरणाऱ्या मार्गिकेवर येतो तो ब्रेकचा. चढावरच्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्याला वाटतं, आपण कसबी चालक आहोत, हँडब्रेकही लागत नाही. तेवढा वेळ त्याचं अस्तर हवेत मिसळत असतं. एकदा वास आला म्हणून क्लच संपला असं नसतं, मात्र सपाट रस्त्यावर साध्या सुरुवातीलाही तो पुन्हा पुन्हा यायला लागला, तर अस्तराच्या शिल्लकीचा प्रश्न आहे.

या उष्णतेचं गणित चालकाच्या हातात किती आहे, हे पाहून मी थक्क होतो. सपाट रस्त्यावर गाडी हलवताना क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता इंजिनाच्या आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बाराशेऐवजी चोवीसशे आरपीएमवर क्लच सोडला, तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली, तर सर्वसाधारण हॅचबॅकमध्ये (पहिला गिअर सुमारे 3.5, दुसरा 1.9) ती सव्वातीन-साडेतीन पट होते. एकाचा क्लच तीस हजार किलोमीटरमध्ये संपतो, दुसऱ्याचा लाखाच्या पुढे जातो, यात कंपनीपेक्षा या दोन सवयींचा वाटा मोठा.

थरथर आणि आवाज यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण झिजेची लक्षणं म्हणून त्यांना जास्तीचा मान मिळतो. गाडी हलताना थरथरते तेव्हा बहुधा प्लेटवर तेल आलेलं असतं, फ्लायव्हीलवर जळके डाग पडलेले असतात किंवा इंजिन माउंटिंग फुटलेलं असतं. पावसाळ्यात चार दिवस उभी राहिलेली गाडी पहिल्या दोन-तीन वेळा थरथरते आणि मग गप्प होते. फ्लायव्हीलवर चढलेला गंजाचा पातळ थर घासून गेला की झालं. आवाजाचं सूत्र तर एका ओळीचं आहे. पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो तर गिअरबॉक्सचा इनपुट बेअरिंग. दोन्हींचा अस्तराच्या जाडीशी संबंध नाही.

अस्तराच्या जाडीशी संबंध असलेलं एक सूक्ष्म लक्षण मात्र आहे, आणि त्याची दखल कुणी घेत नाही. प्लेटच्या दोन अस्तरांच्या मधोमध नागमोडी, पातळ पोलादी पट्ट्या असतात. क्लच सोडताना त्या आधी चेपतात, मग पूर्ण पकड येते. गाडी विनाझटका हलते ती या पट्ट्यांमुळे. वर्षानुवर्षांच्या दाबाने आणि उष्णतेने त्या सपाट होत जातात, मग धरण्याचा तो लांबट, समजूतदार टप्पा आखूड होतो. पेडल सोडताना मधला मऊपणा हरवतो आणि गाडी एका ठिकाणी एकदम धरते. चालकाला वाटतं, आज आपला पाय नीट पडत नाहीये. जुना क्लच आणि नवा क्लच लागोपाठ चालवले, तरच हा फरक जाणवतो, आणि एकदा जाणवला की पुन्हा विसरता येत नाही.

इथे हँडब्रेकच्या प्रयोगाबद्दल सांगायलाच हवं. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच सोडा, इंजिन बंद पडलं तर क्लच ठणठणीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. रेस न देता इंजिनाकडे टॉर्क असतो जेमतेम, आणि तेवढा तर अर्धमेला क्लचही पेलतो. म्हणजे या परीक्षेत नापास होतो तो फक्त पूर्ण मेलेला क्लच, जो गॅरेजपर्यंत गाडी आणतानाच कळलेला असतो. त्यापेक्षा मोकळा रस्ता शोधा. डिझेल असेल तर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगापासून, पेट्रोल असेल तर तिसऱ्यात साडेतीन हजारांच्या थोडं अलीकडून पूर्ण रेस द्या आणि दोन्ही काटे एकत्र चढतात का पाहा. जुनी गाडी विकत घेताना ही पाच सेकंदांची परीक्षा विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगून जाते. आरपीएमचा काटाच नसलेल्या गाडीत कानावर विसंबावं लागतं. आवाज आधी पळतो आणि पाठीला बसणारा रेटा मागाहून येतो, किंवा येतच नाही.

पायाने क्लच वाचणं काही गाड्यांत बंदच झालं आहे. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्राच्या हाती) आली, त्यानंतर क्लच दाबणारा पाय गेला आणि त्याची जागा हायड्रॉलिक अ‍ॅक्च्युएटरने घेतली. आतला क्लच तोच, कोरडा, एका प्लेटचा. झिजतोही तसाच. संगणक धरण्याची जागा पुन्हा पुन्हा शिकत राहतो आणि पायाला जे कळलं असतं ते स्वतःपाशी ठेवतो. एएमटीच्या मालकाच्या हातात शेवटी तेवढंच उरतं, चढावरचे दोन काटे.

एकदा घसरण सुरू झाली की पुढचा प्रवास भराभर होतो. घसरण्याने उष्णता, उष्णतेने अस्तरावर काचेसारखी चकाकी, चकाकीने घर्षण कमी आणि त्यामुळे आणखी घसरण. झिजायला वर्षं लागलेल्या क्लचला संपायला एक घाट पुरतो. म्हणून पहिल्यांदा काटे वेगळे झालेले दिसले, की लांबचा दौरा पुढे ढकललेला बरा.

सेट बदलला की जुनी प्लेट मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि निदानाची खरी तपासणी तिथेच होते. रिव्हेटचं डोकं अस्तराच्या पृष्ठभागापासून किती खोल आहे, ते पाहा. ही खोली साधारणपणे 0.3 ते 0.5 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर प्लेटने आपलं आयुष्य पूर्ण केलं आणि निदान बरोबर होतं. रिव्हेट वर येऊन फ्लायव्हीलवर गोल चरे पडले असतील, तर तुम्हीच उशीर केला, आणि फ्लायव्हीलही मशीनवर घासून घ्यावं लागेल. पण अस्तर जाड असेल आणि त्यावर तेलाची काळी ओल असेल, तर प्लेट झिजलीच नव्हती. क्रँकशाफ्टच्या मागचं ऑइल सील गळत होतं, आणि तेच ठेवून बसवलेली नवी प्लेटही त्याच वाटेने जाणार. बिल चुकतं करण्याआधी मिस्त्रीला एवढं जरूर विचारा: सील बदललं का?